खांद्याचे आरोग्य : व्यायाम हवा, घाई नको

पवित्र मिस्साच्या प्रारंभी आपण क्रुसाची खूण करतो, तेव्हा उजवा हात कपाळावर जातो, छातीवर येतो आणि मग डाव्या व उजव्या खांद्याला स्पर्श करतो. क्षणभराच्या ह्या कृतीत खांद्याचा सांधा वर, खाली आणि आडवा असा फिरून येतो. निरोगी माणसाला ह्याची जाणीवही होत नाही. परंतु ज्यांचा खांदा धरला आहे, त्यांना एवढ्यानेही कळ येते. मग केस विंचरणे, पाठीमागे हात नेणे, फळीवरचा डबा काढणे, नातवंडाला कडेवर उचलून घेणे ही कामे तर दूरच राहतात. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या अनेक बंधुभगिनींची ही तक्रार असते आणि "आता वय झाले" असे म्हणून ती बहुधा सोडून दिली जाते.

संत पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात शरीराच्या कसरतीचा लाभ थोडा आणि भक्तीचा लाभ सर्व बाबतींत आहे, असा विचार मांडला आहे. थोडा का होईना, लाभ आहे हे त्याने नाकारलेले नाही. करिंथकरांना लिहिताना तर त्याने शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर असल्याची आठवण करून दिली आहे. मंदिराची पूजा करायची नसते. पण त्याची निगा राखणे हे आपले कर्तव्य असते. ह्या दृष्टीने, व्यायामामुळे खांद्यातील स्नायू, कंडरा आणि हाडे ह्यांत नेमके काय घडते, हे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. ह्या तिघांनाही व्यायामाने बळ येते. परंतु प्रत्येकाचा वेग वेगळा आहे. हा वेग न ओळखता घाई केली तर इजा होते आणि भीतीपोटी हात हलवायचाच थांबवला तर खांदा दुबळा होतो.

खांद्याची रचना

खांद्यात तीन हाडे एकत्र येतात : दंडाचे हाड, पाठीवरचा फरा आणि गळ्याजवळची कॉलर बोन. दंडाच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते फऱ्याच्या एका उथळ खोबणीवर टेकलेले असते. खुब्याच्या सांध्यात चेंडू खोल वाटीत बसलेला असतो. खांद्यात मात्र ती वाटी बशीइतकी उथळ आहे. कोणत्याही क्षणी ह्या चेंडूचा जेमतेम पाव ते एकतृतीयांश भाग खोबणीला टेकलेला असतो. म्हणूनच आपला हात इतक्या दिशांना फिरू शकतो आणि म्हणूनच शरीरातील मोठ्या सांध्यांपैकी सर्वाधिक वेळा निखळणारा सांधाही हाच आहे.

हा चेंडू जागेवर धरून ठेवण्याचे काम प्रामुख्याने चार लहान स्नायू करतात. ते फऱ्यापासून निघतात आणि त्यांच्या कंडरा दंडाच्या हाडाच्या डोक्याला पुढून, वरून व मागून कवेत घेतात. ह्या समूहाला वैद्यकात रोटेटर कफ असे म्हणतात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी पांढरी, चिवट दोरी. डॉक्टर तिला टेंडन म्हणतात. खांद्यावरचा मोठा, गोलसर स्नायू हात वर उचलतो खरा; परंतु रोटेटर कफने चेंडूला खोबणीत दाबून धरले नाही, तर त्याच ओढीने चेंडू वर सरकतो. मोठा स्नायू ताकद देतो आणि लहान स्नायू त्या ताकदीला दिशा देतात.

ह्यात फऱ्याचाही वाटा आहे. १९४४ साली अमेरिकेतील इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की, हात कानापर्यंत उचलताना सुमारे दोन हिस्से हालचाल खांद्याच्या मुख्य सांध्यात होते आणि एक हिस्सा फरा पाठीवर फिरल्यामुळे होते. पुढे झालेल्या अभ्यासांत हे प्रमाण व्यक्तीनुसार बदलते असे दिसले, तरी मूळ तत्त्व कायम आहे. म्हणून खांद्याचा व्यायाम हा केवळ दंडाचा नसून पाठीचाही असावा लागतो.

स्नायू : लवकर शिकणारा

स्नायू रक्ताने समृद्ध असतो. त्याला सवयीपेक्षा थोडे अधिक काम दिले की तो लवकर प्रतिसाद देतो. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. मेंदू आणि मज्जातंतू अधिक स्नायुतंतूंना एकाच वेळी कामाला लावण्यास शिकतात. स्नायूचा आकार तेव्हा फारसा बदललेला नसतो. साधारण सहा ते आठ आठवड्यांनंतर स्नायुतंतू खरोखर जाड होऊ लागल्याचे दिसते. ताकदीच्या व्यायामानंतर एक ते दोन दिवस स्नायूत नवी प्रथिने तयार होण्याचा वेग वाढलेला असतो. म्हणजे व्यायाम हा केवळ निरोप आहे. प्रत्यक्ष बांधकाम विश्रांतीत आणि पुरेशा आहाराच्या आधाराने होते. डाळी, कडधान्ये, अंडी, मासे, दूध ह्यांतील प्रथिने मिळाली नाहीत, तर निरोप पोहोचूनही बांधकाम अपुरे राहते.

वयाच्या तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान काही टक्क्यांनी घटत जाते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. तथापि वय झाले म्हणून स्नायू शिकायचा थांबतो, ही समजूत खरी नाही. १९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथे एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या घरातल्या दहा दुर्बल स्त्रीपुरुषांकडून आठ आठवडे पायांचा ताकदीचा व्यायाम करून घेण्यात आला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. प्रयोग पायांचा असला, तरी स्नायूचा धर्म शरीरभर एकच आहे.

कंडरा : सावकाश बदलणारी

कंडरेचे गणित वेगळे आहे. ती कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या समांतर धाग्यांनी बनलेली असते. तिच्यात पेशी थोड्या आणि रक्तपुरवठाही तुटपुंजा. त्यामुळे ती चिवट असली तरी दुरुस्तीला मंद असते. अणुचाचण्यांमुळे १९५५ ते १९६३ ह्या काळात वातावरणात किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण वाढले होते. त्या कार्बनच्या खुणेचा आधार घेऊन डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ साली टाचेच्या कंडरेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या कंडरेचा गाभा वयाच्या साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही, असे त्यांना आढळले.

ह्याचा अर्थ कंडरेवर व्यायामाचा परिणामच होत नाही असा नाही. ओढ बसली की कंडरेतील पेशी जाग्या होतात आणि कोलॅजन घडविण्याचे काम वाढते. हा परिणाम दोन-तीन दिवस टिकतो. परंतु ह्याच काळात काही जुने कोलॅजन मोडतही असते. पहिले दीड दिवस मोडणे अधिक आणि नंतर घडणे अधिक, असा हा हिशेब आहे. रोज कंडरेला जोराचा ताण दिला, तर घडण्याची वेळ येण्यापूर्वीच पुन्हा मोडतोड होते. एक-दोन दिवसांचे अंतर ठेवले, तर हळूहळू ती अधिक ताठ आणि भार सोसणारी होते. हा बदल ठळकपणे दिसण्यास सुमारे तीन महिने किंवा अधिक काळ लागतो.

दीर्घकाळ दुखणाऱ्या कंडरेत बहुधा केवळ सूज नसते. धाग्यांची रचनाच विस्कटलेली असते. म्हणून वेदनाशामक गोळ्यांनी कळ थांबली तरी कंडरा सुधारली असे होत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो आणि योग्य वेळी त्याचा उपयोगही असतो. मात्र ती वारंवार घेतल्यास कंडरा कमकुवत होण्याचा धोका असतो. धूम्रपानाने कंडरेची भरून येण्याची शक्ती घटते. मधुमेहात रक्तातील जादा साखर कोलॅजनच्या धाग्यांना चिकटते आणि त्यांना कडक करते.

हाड : ओझ्याचे स्मरण ठेवणारे

हाड हे दगडासारखे निर्जीव आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः त्यात एका प्रकारच्या पेशी जुने हाड खरवडून काढतात आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी तेथे नवे हाड भरतात. एका जागेवरची ही फेरी पूर्ण व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात. हाडाच्या आत गाडल्या गेलेल्या पेशींना ताणाची जाणीव होते आणि कोठे भर घालायची हे त्यांच्या संकेतांवरून ठरते. हाड आपल्यावर पडणाऱ्या भारानुसार स्वतःची घडण बदलते, हे तत्त्व जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ ह्यांनी १८९२ साली ग्रंथरूपाने मांडले.

ह्याचा स्पष्ट पुरावा टेनिसपटूंच्या हातांत मिळतो. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ८४ व्यावसायिक टेनिसपटूंच्या दोन्ही दंडांच्या हाडांची तुलना केली गेली. खेळणाऱ्या हाताच्या हाडाची कठीण भिंत पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांत सुमारे २८ टक्के अधिक जाड आढळली. दोन्ही हात एकाच माणसाचे. आहार तोच, रक्त तेच, आईवडिलांकडून आलेला वारसाही तोच. फरक होता तो केवळ कामाचा. ह्यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. हाडावरचा परिणाम जेथे भार पडतो तेथेच होतो. रोज सकाळी चालणे हृदयाला आणि पायांना उत्तम. परंतु त्याने खांद्याचे हाड बळकट होत नाही.

बालपण आणि तारुण्य ह्यांत केलेली ही कमाई दीर्घकाळ पुरते. बेसबॉल खेळाडूंवरील २०१४ सालच्या एका अभ्यासात असे दिसले की, खेळ सोडून अनेक दशके लोटल्यावरही दंडाच्या हाडाच्या वाढीव आकाराचा सुमारे अर्धा आणि वाढीव मजबुतीचा सुमारे एकतृतीयांश भाग शिल्लक राहिला होता. म्हणून मुलांना अभ्यासासाठी मैदानापासून दूर ठेवणाऱ्या पालकांनी ह्याचा विचार करावा. उतारवयात व्यायामाने हाडात फार मोठी भर पडत नाही. पण झीज रोखली जाते. शिवाय पाय आणि तोल बळकट राहिले की पडण्याचा धोका कमी होतो. दंडाच्या हाडाचे वरचे टोक मोडणे ही वृद्धांत, विशेषतः स्त्रियांत, पडल्यामुळे होणारी नेहमीची दुखापत आहे.

तीन वेगांचा मेळ

स्नायू आठवड्यांत बदलतो, कंडरा महिन्यांत आणि हाड त्याहूनही सावकाश. व्यायामशाळेत नव्याने जाऊ लागलेल्या तरुणाचा स्नायू दीड महिन्यात दुप्पट वजन मागू लागतो. परंतु ते वजन ज्या दोरीवर लटकणार, ती दोरी अजून तयार झालेली नसते. खांदा दुखू लागतो आणि उत्साह मावळतो. निवृत्तीनंतर एकाएकी बागेत कुदळ चालवू लागलेल्या गृहस्थाचे, किंवा सणापूर्वी दोन दिवस जाळी आणि भिंती झाडणाऱ्या गृहिणीचे असेच होते. काम वाईट नव्हते; ते एकाएकी वाढले, हे वाईट झाले.

"आम्ही आयुष्यभर कष्ट केले, आम्हांला व्यायाम कशाला?" असा प्रश्न आपल्याकडे ऐकू येतो. वसईच्या वाडीत केळीचे घड वाहणाऱ्या शेतकऱ्याचा किंवा किनाऱ्यावर जाळे ओढणाऱ्या कोळी बांधवाचा खांदा बळकट असतो ह्यात शंका नाही. परंतु कष्टात तीच हालचाल शेकडो वेळा होते, भार हंगाम ठरवतो आणि विश्रांती मिळेलच असे नाही. व्यायामात भार आपण ठरवतो, तो हळूहळू वाढवतो आणि कामात दुर्लक्षित राहिलेल्या स्नायूंनाही त्यांचा वाटा देतो. कष्टांमुळे व्यायामाची गरज संपत नाही. उलट व्यायामाने कष्ट सोसण्याची शक्ती टिकते.

दुखऱ्या खांद्याला विश्रांती की व्यायाम?

फ्रोझन शोल्डर ह्या विकारात सांध्याभोवतीचे आवरण जाड होऊन आखडते. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन ह्यांनी १९३४ साली हे नाव रूढ केले. तो चाळीस ते साठ ह्या वयात, स्त्रियांत अधिक आणि मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार असलेल्यांत विशेष आढळतो. प्रथम वेदना, मग जखडणे आणि मग हळूहळू मोकळे होणे अशा टप्प्यांतून तो जातो आणि त्याला अनेक महिने, कधी दोन-तीन वर्षेही लागतात. वेदनेच्या टप्प्यात कोणी जोर लावून हात ओढू नये. सोसेल एवढीच हालचाल करावी. मात्र हात गळ्यात बांधून ठेवणेही हिताचे नाही.

दुसरी भीती असते ती "कंडरा फाटली आहे" ह्या अहवालाची. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत खांद्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ९६ जणांची एमआरआय तपासणी करण्यात आली. त्यांपैकी साठीपुढच्या निम्म्याहून अधिक व्यक्तींच्या रोटेटर कफमध्ये लहानमोठी फाट आढळली. म्हणजे वयोमानाने पडलेली प्रत्येक फाट दुखतेच असे नाही. अमेरिकेतच २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, अपघाताविना कंडरा पूर्ण फाटलेल्या चारशेहून अधिक रुग्णांना ठरावीक व्यायाम देण्यात आले. दोन वर्षांत त्यांपैकी एकचतुर्थांशाहूनही कमी लोकांनी शस्त्रक्रियेचा मार्ग निवडला. उरलेले निरोगी स्नायू बळकट झाले की ते फाटलेल्या कंडरेचे काम बऱ्याच अंशी वाटून घेतात.

खांद्यावरील हाडाचा पुढे आलेला भाग कंडरेला घासतो, तो तासला की दुखणे थांबेल, हा विचार अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स नीर ह्यांनी १९७२ साली मांडला आणि तशा शस्त्रक्रिया जगभर होऊ लागल्या. २०१८ साली ब्रिटन आणि फिनलंड येथील दोन अभ्यासांत ह्या शस्त्रक्रियेची तुलना केवळ दुर्बीण घालून हाड न तासता केलेल्या शस्त्रक्रियेशी करण्यात आली, तेव्हा हाड तासल्याचा लक्षणीय अधिक लाभ दिसला नाही. ह्याचा अर्थ खांद्याची प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक आहे असा नव्हे. पडल्यावर तरुण वयात फाटलेली कंडरा किंवा वारंवार निखळणारा सांधा ह्यांना शस्त्रक्रियेची गरज असू शकते.

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या भगिनींनाही हे लागू पडते. जखमेच्या भीतीने त्यांपैकी अनेकजणी हात उचलत नाहीत. ब्रिटनमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, खांद्याच्या तक्रारींचा धोका अधिक असलेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवसांनी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू करून दिले गेले. वर्षभरानंतर त्यांचा हात अधिक चांगले काम देत होता आणि व्यायामाने गुंतागुंत वाढली नव्हती. अर्थात आपल्या शल्यविशारदांच्या अनुमतीनेच असा आरंभ करावा.

घरी करता येण्याजोगे व्यायाम

१. लंबक : टेबलावर निरोगी हात टेकवून पुढे वाका. दुखरा हात सैल सोडून घड्याळाच्या लंबकाप्रमाणे पुढे-मागे व गोल झुलू द्या. हा व्यायाम कॉडमन ह्यांच्याच नावाने ओळखला जातो.

२. भिंतीवर बोटे चढवणे : भिंतीसमोर उभे राहून बोटांनी पायरी पायरीने हात वर न्या आणि तितक्याच सावकाश खाली आणा.

३. भिंतीवर जोर : हात भिंतीला टेकवून छाती भिंतीकडे न्या व परत या. फरा स्थिर धरणारे स्नायू ह्याने बळकट होतात.

४. कोपर बाजूला ठेवून हात बाहेर फिरवणे : कोपर कमरेला लावून काटकोनात ठेवा आणि रबरी पट्टा बाहेरच्या दिशेने ताणा. हा रोटेटर कफचा मुख्य व्यायाम आहे.

५. मागे ओढणे : दाराच्या कडीला पट्टा अडकवून दोन्ही कोपरे मागे ओढा आणि फरे एकमेकांजवळ आणा.

पहिले दोन व्यायाम रोज केले तरी चालतात. उरलेले ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस, मधे किमान एक दिवस सोडून करावेत. प्रत्येक व्यायाम दहा-बारा वेळा, दोन-तीन फेऱ्यांत करावा. हात परत आणताना विशेष सावकाश आणावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनातही प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंचा ताकदीचा व्यायाम करावा असे सांगितले आहे. व्यायामात किंचित दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमले, तर काळजी नसावी. दुखणे रात्रभर राहिले, तर पुढच्या वेळी भार कमी करावा. तीन महिन्यांपूर्वी निष्कर्ष काढू नये.

काही वेळा मात्र व्यायाम बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांकडे जावे. खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी क्षणाचाही विलंब नको. पडल्यानंतर हात उचलता येत नसेल, सांध्याचा आकार बदलला असेल, ताप असून खांदा लाल व गरम झाला असेल, वजन घटत असेल किंवा विश्रांती घेऊनही रात्री सतत ठणकत असेल, तरीही तपासणी करून घ्यावी.

समारोप

जीवन आणि आरोग्य ही देवाने आपल्या हाती सोपवलेली मौल्यवान दाने आहेत, असे ख्रिस्तसभेची शिकवण सांगते. त्याच वेळी शरीराचीच पूजा मांडण्याविरुद्ध ती सावधही करते. ह्या दोहोंमधला मार्ग शहाणपणाचा आहे. संत लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळ हरवलेले मेंढरू सापडताच आनंदाने खांद्यावर घेतो. आपल्या खांद्यांवरही कुणाकुणाचा भार असतो : आजारी सोबत्याला उठवून बसवणे, वृद्ध आईवडिलांना आधार देणे, बाळाला थोपटणे, शेजाऱ्याच्या शवपेटीला खांदा देणे. ही सेवा दीर्घकाळ घडावी म्हणून दिवसाची दहा-पंधरा मिनिटे खांद्याला देणे हा स्वार्थ नव्हे. धर्मग्रामातील महिला मंडळांनी आणि ज्येष्ठ नागरिकांच्या गटांनी आठवड्यातून दोनदा एकत्र येऊन हे व्यायाम केले, तर सातत्यही राहील आणि एकाकी माणसांना सोबतही मिळेल. थोडे करावे, नियमाने करावे आणि धीर धरावा. उरलेले काम शरीर त्याच्या वेगाने करते. तो वेग निर्माणकर्त्यानेच त्याला दिला आहे.